सहा महिन्यांचा हिशेब : वॉशिंग्टनच्या घरातून निसटलेली ओना जज

12 एप्रिल 1791. अमेरिकेचा पहिला अध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन दक्षिणेकडच्या राज्यांच्या दौऱ्यावर होता आणि व्हर्जिनियातल्या रिचमंडला मुक्कामी होता. तिथून त्याने फिलाडेल्फियातलं घर सांभाळणाऱ्या आपल्या सचिवाला, टोबियास लिअरला, पत्र लिहिलं. घरातल्या गुलामांना व्हर्जिनियाला परत धाडायची वेळ आलीच, तर अशा निमित्ताने धाड, की 'त्यांचीही आणि लोकांचीही फसगत व्हावी'. हा सल्ला तू आणि मिसेस वॉशिंग्टन यांच्याखेरीज कोणालाही कळता कामा नये, असंही त्यात बजावलं होतं.

या पत्रापासून सुरू झालेलं प्रकरण 1848 मध्ये न्यू हॅम्पशायरमधल्या एका छोट्या गावात संपलं. त्याच्या केंद्रस्थानी आहे ओना जज, मार्था वॉशिंग्टनची खासगी दासी. 'वॉशिंग्टन चांगला मालक होता की वाईट' या प्रश्नापासून सुरुवात केली तर या प्रकरणातलं काहीच हाती लागत नाही. ओनावर मालकी नेमकी कोणाची होती आणि कोणती मुदत कधी संपत होती, हे आधी पाहावं लागतं. सगळी गुंतागुंत तिथेच आहे.

मालकी कोणाची

मार्थाचा पहिला नवरा डॅनियल पार्क कस्टिस 1757 मध्ये मृत्युपत्र न करता वारला. व्हर्जिनियाच्या कायद्याने विधवेला नवऱ्याच्या गुलामांपैकी एक तृतीयांश वाटा मिळे, पण तो हयातीपुरताच. तिने त्यांच्याकडून काम करून घ्यावं, त्यांच्या श्रमाचं उत्पन्न खावं, पण त्यांना विकता येत नसे आणि मुक्तही करता येत नसे. ती गेली की ते सगळे कस्टिसच्या वारसांकडे जायचे. 1759 मध्ये मार्थाने वॉशिंग्टनशी लग्न केलं आणि या माणसांचा ताबा नव्या नवऱ्याकडे आला. त्याच्याकडे आला तो फक्त ताबा. त्यांतलं कोणी हातातून गेलं तर कस्टिस इस्टेटीला भरपाई देण्याची जबाबदारी त्याच्यावर येत होती.

हा आकडा किरकोळ नव्हता. 1799 मध्ये वॉशिंग्टनने स्वतः केलेल्या यादीत माउंट व्हर्ननला, म्हणजे व्हर्जिनियातल्या त्याच्या घर-शेतीवर, 317 गुलाम आहेत आणि त्यांतले 153 या हयातीपुरत्या वाट्यातले आहेत.

ओनाची आई बेट्टी ही शिवणकाम करणारी गुलाम स्त्री याच वाट्यातली. वडील अँड्र्यू जज हा इंग्लंडहून कराराने आलेला गोरा शिंपी. पण बाप कोण याला काही अर्थ नव्हता, कारण व्हर्जिनियाने 1662 मध्येच ठरवून टाकलं होतं की मुलाचा दर्जा आईवरून ठरेल. म्हणून 1773-74 च्या सुमारास जन्मलेली ओना जन्मतःच कस्टिस इस्टेटीची झाली. दहाएक वर्षांची असताना तिला मोठ्या घरात आणलं गेलं. आईसारखीच तिच्या हातात सुई आली, आणि पुढे मार्थाचे कपडे, केस, सोबत हे सगळं तिच्याकडे आलं.

मराठीत 'दासी' म्हटलं की थोडं सौम्य वाटतं. पेशवाईच्या दफ्तरांत खरेदी-विक्री होणाऱ्या स्त्रियांसाठी 'कुणबीण' आणि 'बटीक' हे शब्द सापडतात. ओनाची स्थिती त्या शब्दांच्या जास्त जवळची आहे. वॉशिंग्टन दांपत्य मात्र पत्रांत 'नोकर' हा शब्द वापरत असे, आणि त्यामुळे आजही अनेक वाचक फसतात.

मुदत कुठे संपत होती

1790 मध्ये देशाची राजधानी न्यूयॉर्कहून फिलाडेल्फियाला आली आणि अध्यक्षांचं बिऱ्हाड हाय स्ट्रीटवरच्या रॉबर्ट मॉरिसच्या घरात राहायला आलं. सोबत ओना, मोल, आचारी हर्क्युलीस आणि त्याचा मुलगा रिचमंड, ऑस्टिन, जाइल्स, पॅरिस, ख्रिस्तोफर शील्स ही गुलाम माणसं होती. नंतर जो नावाचा नववा आला. स्वयंपाकघरामागे मांस धुरवायच्या खोलीला जोडून तबेल्यातल्या माणसांसाठी निजायची जागा काढली होती.

पण फिलाडेल्फिया पेनसिल्व्हेनियात आहे, आणि पेनसिल्व्हेनियाने 1 मार्च 1780 रोजी गुलामगिरी टप्प्याटप्प्याने संपवण्याचा कायदा केला होता. त्यातलं एक कलम बाहेरून येणाऱ्यांबद्दल होतं. परराज्यातल्या माणसाने आपला गुलाम इथे सलग सहा महिने ठेवला, तर त्या गुलामाला मुक्ततेचा दावा करता येई. काँग्रेसच्या सदस्यांच्या घरगुती गुलामांना यातून सूट होती. अध्यक्षाला नव्हती, आणि असणार कशी? 1780 मध्ये अध्यक्षपद अस्तित्वातच नव्हतं. पुढे लोक पाच-साडेपाच महिन्यांनी गुलामांना सीमेपार नेऊन आणतात हे लक्षात आल्यावर 1788 च्या दुरुस्तीने ती पळवाटही बुजवली गेली.

वॉशिंग्टनचं बिऱ्हाड नोव्हेंबर 1790 च्या अखेरीस आलं. म्हणजे सहा महिने मे 1791 च्या अखेरीस भरत होते.

5 एप्रिल 1791 ला देशाचा ॲटर्नी जनरल एडमंड रँडॉल्फ अध्यक्षांच्या घरी आला. त्याने मार्थाला सांगितलं की त्याच्याच तीन गुलामांनी या कायद्याखाली मुक्ततेचा दावा करणार असल्याचं त्याला कळवलं आहे, तेव्हा सावध राहा. लिअरने ही बातमी दौऱ्यावरच्या वॉशिंग्टनला कळवली आणि त्याचं उत्तर म्हणजे रिचमंड शहरातून लिहिलेलं ते पत्र.

ते पत्र सावकाश वाचावं असं आहे. वॉशिंग्टन आधी कायद्याचा कीस काढतो : रँडॉल्फने पेनसिल्व्हेनियाच्या कोर्टात वकिली करता यावी म्हणून त्या राज्याच्या नागरिकत्वाची शपथ घेतली आहे, मी इथे केवळ पदामुळे राहतो, त्यामुळे माझी गोष्ट वेगळी असावी. पण त्याचा स्वतःचाच या युक्तिवादावर भरवसा दिसत नाही, कारण लगेच तो माणसं परत पाठवण्याकडे वळतो. मुक्त झाल्याने त्यांचं भलं होईल असं मला वाटत नाही, तरी 'स्वातंत्र्याची कल्पना हा त्यांना न आवरणारा मोह ठरू शकतो', असं तो लिहितो. मग खरं कारण येतं. हर्क्युलीस आणि पॅरिस सोडून बाकी सगळे हयातीच्या वाट्यातले आहेत. ते मुक्त झाले तर मी त्यांच्या कामाला तर मुकेनच, वर त्यांची किंमतही भरावी लागेल.

लिअरने 24 एप्रिलला उत्तर दिलं. त्यात रँडॉल्फचा सल्ला आहे : सहा महिने भरण्याआधी कोणत्याही निमित्ताने, अगदी एका दिवसासाठी जरी, त्यांना राज्याबाहेर नेलं तरी परत आल्यावर मुदत नव्याने मोजली जाईल. 1788 ची दुरुस्ती हेच थांबवण्यासाठी झाली होती, आणि सल्ला देणारा देशाचा सर्वांत वरचा कायदा अधिकारी होता! त्याच पत्रात लिअरने स्वतःचं मनही मोकळं केलं आहे. ही माणसं पुढे कधीतरी मुक्त होतील आणि तुमच्याकडे ती सुखात आहेत, असा पक्का विश्वास नसता, तर एका माणसाची गुलामगिरी लांबवणारं हे काम मी कशासाठीही केलं नसतं, असं तो म्हणतो. आणि मग ते काम तो करतो.

ऑस्टिनला माउंट व्हर्ननला पाठवलं गेलं. मे महिन्यात मार्था ओना आणि ख्रिस्तोफरला घेऊन डेलावेअर नदीपलीकडच्या ट्रेंटनला, म्हणजे न्यू जर्सी राज्यात, दोन दिवस जाऊन आली. एक छोटीशी सहल, आणि दोघांचे सहा महिने पुन्हा शून्यावर आले. हर्क्युलीसबाबत मात्र बेत उघडा पडला. आपल्यावर संशय आहे हे कळल्यावर तो इतका दुखावला गेला आणि त्याने आपल्या निष्ठेबद्दल इतकं कळवळून सांगितलं, की त्याला मुदतीनंतरही फिलाडेल्फियात राहू दिलं गेलं. हाच हर्क्युलीस पुढे 22 फेब्रुवारी 1797 ला, वॉशिंग्टनच्या वाढदिवशी, माउंट व्हर्ननहून पळाला. वडील गेल्याचं वाईट वाटत असेल ना, असं एका पाहुण्याने त्याच्या लहान मुलीला विचारलं. ती म्हणाली, नाही, मला खूप आनंद झाला, कारण ते आता स्वतंत्र आहेत.

एकदा जमलेली ही युक्ती पुढची पाच वर्षं चालू राहिली.

21 मे 1796

फिलाडेल्फियात ओनाला माउंट व्हर्ननला कधीच न दिसलेली एक गोष्ट रोज दिसत होती : स्वतःच्या कमाईवर जगणारे काळे लोक. शहरात दोन हजारांच्या आसपास मुक्त कृष्णवर्णीय राहत होते, आणि 1794 मध्ये रिचर्ड ॲलनने त्यांचं स्वतंत्र चर्च उभं केलं होतं. वॉशिंग्टनच्या घरखर्चाच्या वह्यांत ओनाला नाटकाला जायला दिलेल्या पैशांच्या नोंदी आहेत. या नोंदी मालकाच्या उदारपणाचा दाखला म्हणून पुष्कळदा पुढे केल्या जातात. मला त्यातून दुसरंच काही दिसतं. ती एकटी शहरात फिरत होती, लोकांना भेटत होती, आणि त्या ओळखी पुढे उपयोगी पडल्या.

मार्च 1796 मध्ये मार्थाची थोरली नात एलिझाबेथ कस्टिस हिचं लग्न थॉमस लॉशी झालं. हा इंग्रज मूळचा ईस्ट इंडिया कंपनीचा अधिकारी. बिहारमध्ये गयेला कलेक्टर होता, तिथल्या जमीनमहसुलाच्या धोरणात त्याचा हात होता, आणि भारतीय स्त्रीपासून झालेल्या आपल्या मुलांना घेऊन तो अमेरिकेत आला होता. वॉशिंग्टनपेक्षा वयाने तरुण, पण बायकोपेक्षा वीस वर्षांनी मोठा. ओनाला कळलं की तिला या नातीला देऊन टाकणार आहेत. मार्था जिवंत असेपर्यंत तिच्याजवळ आणि नंतर वारसांपैकी कोणाच्या तरी वाट्याला, एवढं तिला ठाऊक होतंच. आता ती वेळ अचानक समोर आली.

उन्हाळ्यासाठी घर व्हर्जिनियाला निघालं होतं. जवळजवळ पन्नास वर्षांनी ओनाने एका वार्ताहराला सांगितलं : 'ते व्हर्जिनियाला जायला सामान बांधत होते आणि मी पण बांधत होते, कुठे जायचं ते मला माहीत नव्हतं. परत व्हर्जिनियाला गेले तर मला कधीच सुटका मिळणार नाही हे मला माहीत होतं.' शहरातल्या काळ्या मित्रांकडे तिने आपलं सामान आधीच पोचवलं होतं. घरातले लोक जेवायला बसले असताना ती बाहेर पडली.

या योजनेतली शहाणी गोष्ट बघा. घरात सगळेच पेट्या भरत असताना तिच्या पेटीकडे कोणाचं लक्ष जाणार? आणि सामान आधीच गेल्यामुळे निघताना हात मोकळे होते.

दोन दिवसांनी, 23 मेच्या तारखेने, घरकारभारी फ्रेडरिक किटने वर्तमानपत्रात जाहिरात दिली. ओनाचं वर्णन करणारा समकालीन मजकूर म्हणावा तर तो हाच : फिकट वर्णाची मिश्रवंशीय मुलगी, चेहऱ्यावर बारीक ठिपके, काळेभोर डोळे, दाट काळे केस, मध्यम उंची, नाजूक बांधा, वय वीसच्या आसपास. तिच्याजवळ चांगल्या कपड्यांचे पुष्कळ जोड आहेत, हेही सांगितलं होतं, कारण चांगल्या कपड्यांतली मुलगी सहज मुक्त स्त्री म्हणून खपून जाऊ शकली असती. बक्षीस दहा डॉलर. जहाजांच्या कप्तानांना तिला घेऊ नका असा इशारा. 'तिला जायला कसलंही कारण दिलं गेलं नव्हतं' असं एक वाक्यही आहे. घरातल्या माणसांना ते खरंच वाटत असावं, आणि याच वाक्यात त्यांचं अंधत्व सगळ्यात जास्त दिसतं.

कप्तानांना दिलेला इशारा वाया गेला. जॉन बोल्सच्या 'नॅन्सी' नावाच्या एका डोलकाठीच्या गलबतातून ओना न्यू हॅम्पशायरच्या पोर्ट्समथ बंदरात पोचली होती. 1790 च्या जनगणनेत त्या अख्ख्या राज्यात दीडशेच्या आसपास गुलाम उरले होते.

कायदा हातात असून न वापरलेला

फरारी गुलामांचा कायदा वॉशिंग्टननेच 12 फेब्रुवारी 1793 रोजी सही करून लागू केला होता. त्याची पद्धत सोपी होती. मालकाने किंवा त्याच्या माणसाने पळालेल्याला पकडायचं, न्यायाधीशासमोर उभं करायचं, तोंडी साक्ष किंवा प्रतिज्ञापत्र द्यायचं, दाखला घ्यायचा आणि घेऊन जायचं. आड येणाऱ्याला 500 डॉलर दंड. अध्यक्षाला हे सगळं करणं अवघड नव्हतं. पण तो दाखला उघड्यावर मागावा लागला असता, न्यायाधीशासमोर, उत्तरेतल्या बंदरात.

म्हणून त्याने दुसरा रस्ता धरला. पोर्ट्समथच्या सिनेटर जॉन लँगडनच्या मुलीने ओनाला रस्त्यात ओळखलं आणि बातमी फिलाडेल्फियाला पोचली. 1 सप्टेंबर 1796 ला वॉशिंग्टनने अर्थमंत्री ऑलिव्हर वुल्कॉटला पत्र लिहिलं : पोर्ट्समथच्या जकात कलेक्टरकडून तिला पकडून जहाजावर चढवता येईल का? अर्थमंत्र्याच्या हाताखालचा सरकारी अधिकारी अध्यक्षाच्या घरगुती कामासाठी. या पत्रात ओनाच्या 'कृतघ्नपणा'बद्दल तक्रार आहे, तिला नोकरापेक्षा मुलासारखं वाढवलं, असं म्हटलं आहे, आणि कोणा फ्रेंच माणसाने तिला फूस लावली असावी असा अंदाज आहे. ती स्वतःहून जाईल हे त्याच्या मनात येईना. देशाला उद्देशून लिहिलेलं त्याचं प्रसिद्ध निरोपाचं भाषण यानंतर अठरा दिवसांनी छापून आलं.

कलेक्टर जोसेफ व्हिपलने ओनाला घरकामाच्या नोकरीच्या निमित्ताने बोलावलं आणि प्रश्न विचारले. फ्रेंच माणूस वगैरे काही नाही, ती पूर्ण स्वातंत्र्याच्या ओढीने आली आहे, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने वुल्कॉटला कळवलेला तिचा प्रस्ताव या प्रकरणाचं मर्म आहे. अध्यक्ष आणि त्यांच्या पत्नी दोघांच्या मृत्यूनंतर मुक्त करण्याचं वचन मिळालं, तर ती परत येऊन दोघांच्या हयातीत इमानाने सेवा करील. पण पुन्हा गुलाम होऊन दुसऱ्या कोणाला विकली किंवा दिली जाण्यापेक्षा तिला मरण बरं वाटेल.

तिने अडचणीवर अचूक बोट ठेवलं होतं. तिला कोणाच्या हाताखाली राहायचं याची भीती नव्हती, आपल्याला हातोहात दिलं जाण्याची भीती होती. व्हिपलने जहाजात जागाही केली, पण वारा उलटा होता म्हणून ते थांबलं, आणि मधल्या काळात ओळखीच्यांनी तिला परत जाण्यापासून परावृत्त केलं. जहाज तिच्याविना गेलं.

28 नोव्हेंबरला वॉशिंग्टनचं उत्तर आलं. असा समझोता सर्वस्वी अमान्य. पळून जाणाऱ्याला आधी सूट दिली तर इमानाने राहिलेल्यांची मनं बिथरतील, हे त्याने दिलेलं कारण. आणि एक सूचना : तिला आणताना जमाव जमेल, दंगा होईल असे जबरदस्तीचे उपाय करू नका, सुजाण नागरिकांच्या मनात अस्वस्थताही उमटता कामा नये. या अटी एकमेकींत बसत नाहीत. न मनवता आणायचं, न पकडता आणायचं, आणि कोणाला कळू न देता आणायचं. व्हिपलने शेवटी विनयाने कायद्याच्या रस्त्याकडे बोट दाखवलं आणि इथलं लोकमत मुक्ततेच्या बाजूने आहे हेही कळवलं. प्रकरण तिथे थांबलं.

जानेवारी 1797 मध्ये ओनाने जॅक स्टेन्स या मुक्त काळ्या खलाशाशी लग्न केलं. मुलगी झाली. कायद्याने ती मुलगीही कस्टिस इस्टेटीची होती, कारण नियम आईचा.

11 ऑगस्ट 1799 ला वॉशिंग्टनने आणखी एकदा प्रयत्न केला. मार्थाचा भाचा बरवेल बॅसेट न्यू हॅम्पशायरला निघाला होता, त्याला काम सांगितलं. बॅसेटने आधी ओनाला समजावून पाहिलं. ती म्हणाली, 'मी आता स्वतंत्र आहे आणि तशीच राहायचं ठरवलं आहे.' मग तो लँगडनच्या घरी जेवायला असताना तिला बळजबरीने नेण्याचा बेत बोलून गेला. लँगडनने गुपचूप तिच्याकडे निरोप धाडला. नवरा समुद्रावर होता. ओना मुलीला घेऊन शेजारच्या ग्रीनलंड गावात जॅक आडनावाच्या काळ्या कुटुंबाकडे निघून गेली आणि बॅसेट रिकाम्या हाताने परतला. 14 डिसेंबर 1799 ला वॉशिंग्टन वारला.

नंतरचे कागद

'वॉशिंग्टनने मृत्युपत्रात सगळ्या गुलामांना मुक्त केलं' हे वाक्य आजही पाठ्यपुस्तकी सहजतेने लिहिलं जातं. ते चूक आहे. त्याने मुक्त केले ते फक्त स्वतःच्या नावावरचे, तेही, एकाचा अपवाद सोडता, मार्थाच्या मृत्यूनंतर. मार्थाने ते 1 जानेवारी 1801 लाच अंमलात आणलं. त्यामुळे फरार असलेला हर्क्युलीस कायद्यानेही मुक्त झाला. हयातीच्या वाट्यातल्यांना हात लावण्याचा अधिकार वॉशिंग्टनला नव्हता आणि मार्थालाही नव्हता. 22 मे 1802 ला मार्था वारली आणि ती माणसं तिच्या चार नातवंडांत वाटली गेली. त्यांच्यात नवरा-बायको वेगळे झाले, आई-मुलं वेगळी झाली. ओनाऐवजी थॉमस लॉच्या घरी गेली ती तिची बहीण डेल्फी. तिला पुढे 1807 मध्ये मुक्तता मिळाली.

ओनाला मिळाली नाही. नवरा 1803 मध्ये वारला. दोन मुली तिच्याआधी गेल्या. म्हातारपणी ती गावाच्या मदतीवर जगत होती. 25 फेब्रुवारी 1848 ला वारली तेव्हाही कागदोपत्री ती फरार गुलामच होती.

त्याआधी 1845 आणि 1847 मध्ये गुलामगिरीविरोधी वर्तमानपत्रांत तिच्या मुलाखती छापून आल्या. वॉशिंग्टनच्या घरातली हकीगत गुलाम माणसाच्या बाजूने सांगणारे असे दस्तऐवज फार थोडे आहेत. अध्यक्षांच्या घरी असताना आपल्याला वाचायला शिकवलं गेलं नाही, ते आपण पळाल्यानंतर शिकलो, हे तिने मुद्दाम सांगितलं. इथे इतके कष्ट उपसावे लागले, तर निघून आल्याचा पस्तावा होतो का, असं तिला विचारलं. नाही, ती म्हणाली, मी स्वतंत्र आहे. आणि कप्तान बोल्सचं नावही तिने तेव्हाच उघड केलं. तो वारेपर्यंत तिने ते कोणालाच सांगितलं नव्हतं. आपल्याला आणल्याबद्दल त्याला शिक्षा होईल, अशी तिला भीती होती.